धामणकर नाक्यावरून सोपाऱ्याला

शेतकरी बंधु-भगिनींनो, या पानावर मी तुम्हाला नेहमी करपा, तुडतुडे आणि खताच्या मात्रा यांविषयी सांगतो. आज मात्र विटांचा एक ढिगारा, एक पडका किल्ला आणि एक फुटका दगड यांविषयी लिहिणार आहे. साहेबांचे वय झाले, आता तीर्थयात्रेला निघाले, असे म्हणून पान उलटू नका. गोष्ट फिरून फिरून शेवटी भातखाचराच्या बांधावरच येते.

भिवंडीचा धामणकर नाका तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. सकाळी सातलाच तिथे रिक्षांची झुंबड उडते, कापडाच्या ताग्यांनी लादलेले टेम्पो एकमेकांना अडवतात आणि गल्लीबोळांतून यंत्रमागांची खटखट चालू असते. चहाच्या टपरीवर शेजारच्याशी बोलायचे तर कानाशी तोंड न्यावे लागते. पौष महिन्यातल्या एका रविवारी मी तिथे उभा होतो. भाचा आपला टेम्पो घेऊन मला न्यायला येणार होता.

माझी थोरली बहीण, अक्का, भिवंडी-वसई रस्त्यालगत खाडीकाठच्या एका गावात दिलेली आहे. दाजी जाऊन सहा वर्षे झाली. सातबाऱ्यावर आता अक्का, भाचा आणि भाची अशी तिघांची नावे आहेत. रस्त्याकडेचा एक तुकडा आणि त्याच्या खाली खाजणातले मोठे खाचर, एवढीच जमीन. गोदामवाल्यांची मागणी आली होती. आदल्या आठवड्यात भाच्याचा फोन आला, "मामा, तुम्ही या. कागद तयार आहेत. तुम्ही शेतीतले शिकलेले, आईला समजावून सांगा."

मी हो म्हटले. समजावून सांगणे हाच माझा धंदा. गेली सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे मी त्याचाच पगार घेतो.

टेम्पो आला तेव्हा पुढच्या बाकावर अक्का फडक्यात भाकरी बांधून बसलेली, आणि तिच्या शेजारी नववीत शिकणारी नात. नातीला शाळेतून आपल्या भागातील जुन्या वास्तूंची वही करायला सांगितली होती. भाचा म्हणाला, "जमिनीचं संध्याकाळी बोलू. आज हिची वही पुरी करू." अक्का म्हणाली, "चाळीस वर्षं वसईच्या रस्त्याला राहते, पण वसईचा किल्ला काही बघितला नाही. मलाही बघू दे." झाले, आमची वरात निघाली.

पहिल्यांदा वाट वाकडी करून लोनाडला गेलो. भिवंडी तालुक्यातल्या या गावाजवळच्या टेकडीत सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी कोरलेले बौद्ध लेणे आहे. आजूबाजूचे लोक त्याला खांडेश्वरीचे देऊळ म्हणून ओळखतात. भिंतीवर राजदरबाराचा एक देखावा कोरलेला आहे. माणसांची तोंडे झिजली आहेत, पण बसण्याची ऐट अजून कळते. अक्काने चपला बाहेर काढल्या आणि देवीला हात जोडले. लेणे बौद्धांचे की देवीचे, असा प्रश्न तिला पडला नाही. ज्या जागेला इतकी वर्षे माणसे नमस्कार करतात ती जागा नमस्काराचीच, असा तिचा हिशोब.

नातीने वहीतून वाचून दाखवले, की लोनाडजवळच्या चौधरपाड्यात शिलाहार राजा केशिदेवाचा शके 1161 चा, म्हणजे इसवी सन 1239 च्या सुमाराचा, दानाचा शिलालेख मिळालेला आहे. अशा शिळांना आपल्याकडे गधेगाळ म्हणतात. कोकणात त्या जागोजाग सापडतात. वर सूर्य आणि चंद्र कोरलेले असतात. सूर्यचंद्र असेपर्यंत हे दान चालावे, असा त्याचा अर्थ. मधे दानाचा मजकूर असतो. आणि दान मोडणाऱ्याला जी शिवी दिलेली असते तिचे चित्र खाली काढलेले असते. ते चित्र गाढवाचे असते, एवढेच इथे सांगतो. हे कुटुंबाचे साप्ताहिक आहे, बाकीचे थोरांना विचारा.

अक्का मोठ्याने हसली. म्हणाली, "म्हणजे तेव्हाही जमिनी लाटणारे होतेच की! आणि ज्याला वाचता येत नाही त्याला चित्रावरून कळावं, ही युक्ती चांगली." मला आमच्या खात्याची भित्तिपत्रके आठवली. कीड ओळखा, वेळीच फवारा, आणि खाली लाल रंगात अळीचे चित्र. युक्ती तीच.

टेम्पोत बसता बसता अक्का पुढे म्हणाली, "पण काय रे, राजाने दान दिलं, घेणाऱ्याने घेतलं. त्या गावात नांगर धरणारे होते, त्यांना कुणी विचारलं होतं का?"

मला उत्तर आले नाही. भाच्याने गाडी चालू केली.

पुन्हा भिवंडी गाठून अंजूरफाट्यावरून आम्ही वसईच्या रस्त्याला लागलो. या रस्त्यावर तुम्ही पूर्वी गेला असाल आणि आज गेलात, तर वाट चुकल्यासारखे वाटेल. जिथे भाताच्या उडव्या दिसायच्या तिथे निळ्या-पांढऱ्या पत्र्यांची गोदामे ओळीने उभी आहेत. मधूनच एखादे खाचर, त्यात फुलावर आलेला वाल, आणि त्यापलीकडे पुन्हा पत्रा. भाचा प्रत्येक गोदामाकडे बोट दाखवून मालकाला काय मिळाले ते सांगत होता. अक्का खिडकीतून वालाकडे पाहत होती. खारबाव, कामण, चिंचोटी करीत अकराच्या सुमारास आम्ही नालासोपाऱ्याला पोचलो.

बंधूंनो, आज लोकलच्या गर्दीसाठी ओळखले जाणारे हे सोपारे दोन हजार वर्षांपूर्वी पश्चिम किनाऱ्यावरचे नामांकित बंदर होते. जुन्या ग्रंथांत त्याला शूर्पारक म्हटले आहे. पुढे खाडी गाळाने भरत गेली, गलबते येईनात, आणि बंदराचे गाव झाले. गावातल्या एका टेकाडाला लोक बुरूड राजाचा कोट म्हणत. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते टेकाड खणले, तेव्हा आत विटांचा बौद्ध स्तूप निघाला. स्तूपाच्या पोटात दगडी पेटी होती. तिच्यात बुद्धाच्या लहान मूर्ती मांडलेल्या होत्या आणि त्यांच्या मधोमध एकात एक बसवलेले करंडक होते. सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात काय असावे? मातीच्या भांड्याचे काही तुकडे. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानतात. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. सोन्याच्या डबीत मातीचे खापर जपणारे लोक या किनाऱ्यावर होऊन गेले, ही गोष्ट अक्काला फार आवडली. "त्या पात्रात कुणीतरी भात वाढला असेल," ती म्हणाली.

आज तिथे विटांचा गोल चौथरा आहे, भोवती झाडे आहेत. आम्ही सावलीत भाकरी सोडली. नातीने वहीतले पुढचे पान काढले. त्याच 1882 साली सोपाऱ्यात अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. अशोकाने आपल्या राज्यात ठिकठिकाणी खडकांवर जे चौदा लेख कोरवले त्यांपैकी हा आठवा. तुकडा लहान आहे, पण तोच लेख गिरनारसारख्या ठिकाणी पुरा असल्यामुळे मजकूर कळतो.

तो मजकूर असा, की पूर्वीचे राजे मौजेच्या सहलींना जात, शिकारी करीत. अशोकाने राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर बोधगयेची यात्रा केली आणि तेव्हापासून त्याच्या सहली बदलल्या. साधुसंतांना भेटावे, दान करावे, म्हाताऱ्या माणसांची विचारपूस करावी, आणि खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटावे. त्यांना चार चांगल्या गोष्टी सांगाव्यात, त्यांनाही विचारावे. यातच त्याला अधिक सुख वाटू लागले.

नात वाचून मोकळी झाली आणि चटणी वाढून घेऊ लागली. माझा मात्र घास हातातच राहिला. खेड्यात जाऊन सांगणे आणि विचारणे, हेच तर विस्ताराचे काम. बावीसशे वर्षांपूर्वी एका राजाने ते दगडावर कोरून ठेवले, आणि मी बी.एस्सी. होऊन त्यातले निम्मेच शिकलो. सांगायला शिकलो.

आता जी गोष्ट मी कधी छापली नाही ती सांगतो. 1996 साली मी नोकरीत नवा होतो. डोक्यात भाताच्या उत्पन्नाचे आकडे भरलेले. अक्काकडे गेलो तर दाजी खाजणातल्या खाचरात तांबड्या दाण्याचा जुना राता लावण्याच्या तयारीत. मी म्हटले, "दाजी, हे काय? जया लावा, दुप्पट पिकेल." जया हा 1968 साली आलेला नामांकित वाण. वाणात खोट नव्हती, मी जागा चुकलो. खारवट जमीन, जुना बांध, गळकी उघाडी. मी विचारले काहीच नाही. दाजींनी मेव्हण्याचा मान ठेवला आणि जया लावला. भाद्रपदातल्या उधाणाला बांध फुटला, खारे पाणी तीन दिवस खाचरात उभे राहिले, आणि पीक भाजल्यासारखे झाले. शेजारच्यांचा राता मान खाली घालून का होईना, उभा होता. त्या वर्षी अक्काच्या पाटल्या मोडल्या. दाजींनी मरेपर्यंत त्याविषयी मला एक शब्द ऐकवला नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, अशी माझी गत. आणि आता त्याच घरी मी पुन्हा समजावून सांगायला आलो होतो.

दुपारी वसईचा किल्ला पाहिला. 1534 च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगिजांना मिळाली. दोनशे वर्षे त्यांचे राज्य होते. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या मराठी फौजेने किल्ला जिंकला. वज्रेश्वरीला अप्पांनी नवस केला होता, असे आपल्या भागात सांगतात. ते देऊळही भिवंडी तालुक्यातलेच. किल्ल्यातल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी देवळांतून टांगल्या. भीमाशंकराला किंवा नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात जाल तेव्हा वर पाहा. आता किल्ल्यात छप्पर उडालेल्या चर्चच्या उंच भिंती आहेत, भोवती ताडमाड आहेत, आणि भिंतींच्या सांध्यांतून पिंपळ उगवले आहेत.

दरवाजाबाहेर नातीने पेरू घेतले. मीठ-मिरची लावून आम्ही तटाच्या सावलीत खात बसलो. मी नातीला म्हटले, "तुझ्या वहीत एक पान वाढव. तुझ्या हातात पेरू आहे, तो मूळचा अमेरिकेतला, आणि त्याचे मराठी नाव पेरू देशावरून पडले असे मानतात. त्याला लावलेली मिरचीही अमेरिकेतली. शेंगदाणा, बटाटा, टोमॅटो, काजू, अननस, पपई सगळे तिकडचे. पोर्तुगिजांच्या गलबतांतून यांतले पुष्कळसे आपल्या किनाऱ्याला लागले. बटाटा, काजू, अननस हे शब्दसुद्धा त्यांच्याच भाषेतून आले. अशोकाच्या काळच्या सोपारकरांना तिखटासाठी मिऱ्यांवर भागवावे लागत होते."

अक्का म्हणाली, "मग सकाळची चटणी त्यांना मिळाली नसती!"

मग मी पेरू देशाची गोष्ट सांगितली. तिथे अँडीज नावाचा प्रचंड पर्वत आहे. त्याच्या उंचीवर कुस्को हे इंका राजांचे जुने राजधानीचे शहर आहे. जगभरचे लोक आमच्यासारखेच दिवसभर तिथली वस्तुसंग्रहालये आणि पडके वाडे पाहत हिंडतात. 1533 साली स्पॅनिश लोकांनी ते शहर घेतले. राज्य गेले, सोने गेले. पण डोंगरातल्या शेतकऱ्याने बटाटा सोडला नाही. अँडीजमध्ये बटाट्याचे चार हजारांहून अधिक स्थानिक वाण आहेत. काळे, जांभळे, लाल, वेडेवाकडे. हा वाण थंडीला टिकतो, तो कोरड्या वर्षी हात देतो, म्हणून एकाच शेतकऱ्याच्या वावरात अनेक वाण एकत्र असतात. कडाक्याच्या रात्री बटाटे उघड्यावर गोठवायचे, दिवसा पायाने तुडवून पाणी काढायचे आणि वाळवायचे, की ते वर्षानुवर्षे टिकतात. कुस्कोजवळच्या पिसाक भागात केचुआ शेतकऱ्यांच्या गावांनी एकत्र येऊन आपल्या डोंगरावर असे शेकडो वाण राखले आहेत. त्याला ते बटाट्याचे उद्यान म्हणतात. तिथे काचेची कपाटे नाहीत. दर वर्षी लावतात, दर वर्षी काढतात, म्हणून ते टिकते.

अक्का ऐकत होती. पेरूचा देठ टाकून म्हणाली, "राता मी अजून ठेवलाय."

मी तिच्याकडे पाहिले. ती सांगू लागली, "तू जया लावायला सांगितलंस ना, त्या वर्षी मी रात्याचं मूठभर रोप बाहेरच्या बांधाच्या कडेला लावलं होतं. ह्यांनाही सांगितलं नाही. तुझा मान जाईल म्हणून. उधाणाचं पाणी त्या बाजूने चढतं, ते मला लग्न होऊन आले त्या वर्षापासून माहीत आहे. तेवढंच वाचलं. तेच बी पुढे वाढवलं. तू विचारलं असतंस तर तेव्हाच सांगितलं असतं."

किल्ल्याच्या त्या तटाला तोफा लागल्या असतील, मला हे एक वाक्य पुरले. भाचाही गप्प होता. त्याला हे ठाऊक नव्हते.

संध्याकाळी घरी न जाता आम्ही थेट खाचरावर गेलो. भरती होती. उघाडीच्या फळ्यांतून खारे पाणी झिरपताना दिसत होते. मी बांधावर बसलो आणि इतक्या वर्षांत प्रथमच म्हटले, "अक्का, तुला काय वाटतं?"

तिने जे सांगितले ते थोडक्यात देतो. रस्त्याकडेचा तुकडा तिला धरून ठेवायचा नाही. तिथे आता चहूबाजूंनी पत्रे आहेत, पाण्याची वाट बुजली आहे. पण तो विकू नये, भाड्याने द्यावा, आणि सातबाऱ्यावरची नावे तशीच राहावीत. खालचे खाचर मात्र ती हयात आहे तोवर द्यायचे नाही. त्यात राता लावायचा, कारण कणगीतले बी दोन वर्षे पेरले नाही तर ते फक्त तांदूळ उरते. "माझ्यामागे काय करायचं ते तुम्ही ठरवा," ती म्हणाली, "पण माझ्यासमोर माझ्यावाचून ठरवू नका."

भाचा म्हणाला, "आई, त्यांना दोन्ही तुकडे एकत्र पाहिजेत. एकटा वरचा घेतील की नाही सांगता येत नाही. आणि हिची कॉलेजची फी कुठून आणू? मजूर मिळत नाही, बांध मी एकटा किती घालू?" बंधूंनो, त्याचेही खरे आहे. त्याला लोभी म्हणणे सोपे आहे. भातात काय उरते ते मी कागदावर अनेकदा मांडले आहे, आणि तो आकडा मला त्याच्यासमोर ठेवता येईना.

प्रश्न अजून सुटलेला नाही. कागदांवर सही झालेली नाही. दोन कामे मी अंगावर घेतली. एक म्हणजे उघाडी आणि बाहेरच्या बांधाच्या दुरुस्तीसाठी गावकऱ्यांचा एकत्र अर्ज खारभूमीच्या कार्यालयात नेणे. बांध एका खाचराचा नसतो, साऱ्या खाजणाचा असतो, त्यामुळे एकट्याचा अर्ज तोकडा पडतो. दुसरे म्हणजे भाडेपट्ट्याचा मसुदा ओळखीच्या वकिलाकडून वाचून घेणे. तुमच्याकडेही असा व्यवहार आला तर मुदत किती, मुदतीनंतर जमीन कोणत्या स्थितीत परत मिळणार, भाडेवाढ कशी, आणि शेजारच्याच्या पाण्याची वाट कुठून जाणार, हे सहीच्या आधी लिहून घ्या. आणि सातबाऱ्यावर ज्या ज्या बाईचे नाव आहे तिला कागद मोठ्याने वाचून दाखवा. अंगठा आधी आणि वाचन मागून, असे करू नका.

पुढच्या रविवारी नातीला घेऊन मी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलो. हे संग्रहालय 1922 पासून लोकांसाठी खुले आहे. सोपाऱ्याच्या अशोकलेखाचा तुकडा तिथे आहे. मोठमोठ्या मूर्तींच्या मानाने तो साधाच दिसतो. त्याच्यावरची ब्राह्मी अक्षरे आमच्यापैकी कुणाला वाचता आली नाहीत, पण त्यात काय आहे ते दोघांनाही ठाऊक होते. नातीने वहीत त्याचे चित्र काढले.

येताना अक्काने मला शेरभर रात्याचे बी फडक्यात बांधून दिले आहे. काळा राता, भुरा राता ही आपल्या खाजणातली जुनी नावे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल-1, 2 आणि 3 हे खार सोसणारे वाण दिले आहेत. तेही अवश्य पाहा, पण घरचे जुने बी त्यासाठी फेकून देऊ नका. एका कोपऱ्यात दर वर्षी लावा. आणि तुमच्या घरी कुणाच्या आजीने, काकीने असे एखादे बी राखले असेल तर मला एक पत्र टाका. ते बी कोणत्या खाचरात टिकते, कोणत्या उधाणाला पाणी कुठून चढते, सगळे लिहा. या खेपेला मला सांगायचे काही नाही, विचारायचे आहे.